कोकणात जाताय? आधी तिथी बघा, मग खोली

डिसेंबर उजाडला की ‘दोन दिवस कोकणात जाऊन येऊ’ हा विषय घरोघरी निघतो. खोली कुठली, एसी आहे का, बीच किती लांब, सगळी चौकशी होते. भरती किती वाजता, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे. बरोबर लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील, तर शनिवार-रविवार पक्का करण्याआधी कॅलेंडरवरची तिथी बघायलाच हवी.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. तासाभराचा फरक धरून चाला. नेमकी वेळ गावाच्या नावाने मोबाइलवर मिळते. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

आता पौर्णिमा किंवा अमावास्या घ्या. उधाणाची भरती, तीही भर दुपारी बाराच्या आगेमागे. पहाटे पुण्याहून निघून ताम्हिणीमार्गे दापोलीला पोचलेलं कुटुंब जेवतं, जरा पाठ टेकतं आणि तीन-साडेतीनला पाण्यात उतरतं. नेमकी तेव्हाच ओहोटीची ओढ सर्वांत जास्त असते. थंडीत लाटा लहान, समुद्र शांत, त्यामुळे धोका वाटतच नाही. पाणी मांड्यांपर्यंत आलं की मग पायाखालची वाळू सरकायला लागते. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते. पाण्याच्या पातळीतला चढउतार कमी, म्हणून ओढही कमी, आणि दुपारी दोननंतर पाणी किनाऱ्याकडे येत असतं. मुलांना डुंबायला मी हीच वेळ सांगेन. तरीही मुलं गुडघाभर पाण्यातच, आणि मोठ्या माणसाने समुद्राच्या बाजूला उभं राहायचं. किनाऱ्यावर बसून लक्ष ठेवणं पुरत नाही.

तिथी कुठलीही असो, खाडीच्या मुखाशी पोहायला जाऊ नका. आंजर्ल्याला जोग नदी समुद्राला मिळते, केळशीला भारजा. अशा ठिकाणी ओहोटीला नदी आणि समुद्र दोन्ही बाहेरच ओढतात. मोकळ्या किनाऱ्यावरही दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा गुळगुळीत, गढूळ दिसतोय, तर तिथूनच पाणी परत समुद्रात ओढलं जात असतं. नवख्यांना हीच जागा सुरक्षित वाटते. कुणी त्यात सापडलं, तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर सरकत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं.

पौर्णिमेची सहल वाया जाते असं नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी दूर गेलेलं असतं आणि सूर्यही त्याच सुमारास बुडतो. ओली वाळू घट्ट असते, आजी-आजोबांना चालायला त्रास होत नाही. अलिबागचा समुद्रातला कुलाबा किल्ला पायी करायचा असेल, तर तृतीया ते पंचमी बघा, ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान मिळते. अष्टमीच्या आसपास पाणी पुरेसं ओसरेलच असं नाही.

आता गाडी. ती वाळूत नेऊच नका, हे मी हात जोडून सांगतो. भरतीचं पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात असे दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणून पहिला तासभर ‘पाणी कुठे येतंय’ असं वाटतं आणि पुढच्या दोन तासांत चाकं बुडतात. रुतलीच, तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक खोलच जातं. सगळ्यांना उतरवा, टायरच्या पुढची वाळू हाताने काढा, हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकाखाली फूटमॅट घाला, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि गाडी हळूच पुढे काढा. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवा, वेळ घालवू नका. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं याच थंडीत अंडी घालतात, भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत. घरटं वरून दिसत नाही, टायरखाली मात्र सापडतं.

बोटीने कुठे जायचं असेल तर सकाळीच जा. रात्रभर जमिनीवरून मतलई वारे वाहतात, तेव्हा पाणी स्वस्थ असतं. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटले की बोट डुलते आणि मुलांना मळमळतं. दुपारनंतरचा वेळ हर्णे बंदरावरच्या मासळीच्या लिलावासाठी ठेवा. लिलावात माल लॉटने जातो, घरापुरती मासळी बाजूला बसलेल्या बायकांकडून घ्यावी. कल्ले उघडून बघा, लालभडक हवेत, आणि बोटाने दाबल्यावर खळगा राहायला नको. जेवण जिथे सांगितलं असेल त्या ताईंना विचारून घ्या, त्या करून देणार असतील तरच मासळी न्या. उकडीचे मोदक हवे असतील तर सकाळीच सांगून ठेवावं.

किनाऱ्यावर जाताना गोड्या पाण्याचे पाच लिटरचे दोन कॅन, पंचा आणि कोरडे कपडे बरोबरच न्या, खोलीवर ठेवू नका. सूर्य बुडाला की वाऱ्यात ओली मुलं दहा मिनिटांत कुडकुडायला लागतात.

२५ डिसेंबर ते १ जानेवारी शक्यतो टाळा. जानेवारीत संक्रांतीनंतर, २६ तारखेची गर्दी सोडून, अष्टमीच्या जवळचा शनिवार शोधा.