मागे फिरणारी फीत

संगणकातल्या सगळ्या माहितीचा बॅकअप हार्ड डिस्कवर न घेता टेपवर घ्यावा, असे एकदा माझ्या मनाने घेतले आणि एलटीओ या चुंबकीय टेपच्या प्रकारातला, पाचव्या पिढीचा वापरलेला टेप ड्राइव्ह घरी आला. कार्ट्रिजवर ३ टेराबाइट असे ठसठशीत छापले होते. माहिती दाबून निम्मी होईल हे त्यात गृहीत धरलेले असते, आणि माझे फोटो तर आधीच दाबलेले होते, त्यामुळे माझ्या वाट्याला १.५ टेराबाइटच आले.

ड्राइव्ह संगणकाला जोडायला वेगळे एसएएस कार्ड लागते, हे अर्थातच ड्राइव्ह आल्यावर कळले. कार्ड बसले, केबल जुळली आणि मी ऐटीत, फायलींचा एकत्र गठ्ठा बांधणारी ‘टार’ची आज्ञा दिली. ‘टार’ म्हणजे मुळात ‘टेप आर्काइव्ह’. इतकी वर्षे मी ती वापरत होतो, पण तिची टेपशी गाठ माझ्या हातून पहिल्यांदाच पडत होती. पुढे ऐकू आली ती केवळ घरघर. ही फीत ८४६ मीटर लांब असते आणि पूर्ण भरायची तर तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत ८० वेळा धावावे लागते. माझ्या संथ डिस्ककडून माहिती वेळेवर पोहोचत नसल्याने ती थोडी धावे, थांबे, मागे सरके आणि पुन्हा धावे. जाणकार याला ‘शू-शायनिंग’ म्हणतात. बूट पुसावेत तशी ती रात्रभर ड्राइव्हच्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या हेडवर घासत होती आणि शेजारच्या खोलीत मी कूस बदलत होतो.

असे पाच रात्री पाच फोल्डर टेपवर चढवले: पहिल्या रात्री फोटो, शेवटच्या रात्री किरकोळ सामान. सहाव्या दिवशी मोठ्या अभिमानाने यादी मागितली, तर टेपवर एकच फोल्डर. लिनक्स या माझ्या संगणकाच्या कार्यप्रणालीत ‘एसटी-शून्य’ या नावाने टेप उघडली की काम संपताच ती आपली आपण सुरुवातीपर्यंत गुंडाळली जाते. आहे तिथेच थांबवायची असेल तर ‘एनएसटी-शून्य’ म्हणावे लागते. त्या एका ‘एन’अभावी मी प्रत्येक रात्री आदल्या रात्रीवर लिहीत होतो. फोटोंचा बराचसा भाग अजूनही फितीवर पुढे कुठेतरी पडून असणार, पण शेवटच्या लिखाणानंतर ‘माहिती समाप्त’ अशी खूण उमटते आणि तिच्यापलीकडे पाऊल टाकायला ड्राइव्ह ठाम नकार देतो.

सुदैवाने मूळ फोटो डिस्कवर जागच्या जागी होते. टेपवर सुखरूप राहिलेला तो एकमेव फोल्डर मी उघडून पाहिला. त्यात टेप ड्राइव्हचे मॅन्युअल होते.