मटण परतल्याने रस आत कोंडत नाही

आमच्या फोंड्याच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: स्ट्यूसाठी मटण आधी कडक परतलं की वरची कातडी बंद होते, रस आतच राहतो, न परतता शिजवलं तर मांस चोथा होतं.

हे खरं नाही. परतताना कान देऊन ऐका. तो चरचर आवाज बाहेर पडणाऱ्या रसाचाच असतो. ही समजूत १९व्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे पसरली आणि अजून जात नाही. परतायचं ते चवीसाठी: तांबूस रंग, खमंग वास आणि टोपाच्या तळाला धरलेला तपकिरी थर. थोडं पाणी घालून तो खरवडून घ्या; अर्धा स्ट्यू तिथेच असतो!

मांस मऊ होतं ते मंद आचेवर दीड-दोन तास ठेवल्याने. त्यातले चिवट तंतू विरघळून रस्साही दाट होतो. घाई असेल तर न परतता शिजवा, चोथा होणार नाही, चव मात्र फिकी लागेल. बटाटा-गाजर शेवटच्या अर्ध्या तासात. माडाचं व्हिनेगर त्याहून नंतर, कारण आंबटात बटाटा लवकर शिजत नाही.