जहाजाची वेळ आणि आमची वेळ

परवा बोटीवर एका जेवणाचे पैसे मी भरले आणि ते जेवला भलताच माणूस. वर त्यानं बाहेर येऊन आमचे आभार मानले. जेवण गेल्याचं दुःख पचलं असतं, आभार अजून पचत नाहीत.

ज्यांनी क्रूझ केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तिकिटातच जेवण धरलेलं असतं. भूक लागायला वेळच मिळू नये अशी तिथली व्यवस्था. तरी त्याच बोटीवर दोन-चार रेस्टॉरंटं अशी असतात, जिथं जेवायचे वेगळे पैसे पडतात: स्टेकहाउस, इटालियन, आणि तव्याभोवती बसवून घेऊन आचारी आपल्यापुढे उलथणी उडवतो तो जपानी प्रकार. आधी फुकट पोटभर खायला घालायचं आणि मग ‘हे काही खरं जेवण नव्हे हं’ असं हळूच सुचवायचं. ही युक्ती जुनी आहे. 1905 साली ‘अमेरिका’ नावाच्या जर्मन बोटीवर रिट्झ-कार्लटनच्या नावानं असं रेस्टॉरंट निघालं होतं. टायटॅनिकवरही होतं, बी डेकवर. 14 एप्रिल 1912 च्या रात्री खुद्द कॅप्टन स्मिथ तिथंच एका मेजवानीला होते. पण तिथली एक गोष्ट मला आवडली. जो प्रवासी सगळी जेवणं त्या रेस्टॉरंटमध्येच घेईल त्याला तिकिटात थोडी सूट मिळायची. बोट बुडाली त्याची हळहळ सगळं जग करतं. ही पद्धत बुडाली त्याचं कुणाला काहीच नाही.

तर आम्ही अशा रेस्टॉरंटांतल्या तीन रात्रींच्या जेवणांचं पॅकेज घेतलं. निघण्याआधी ॲपवर घेतलं तर स्वस्त पडतं म्हणून हिनं महिनाभर आधीच घेतलं होतं. ॲपवर वेळा मात्र दोनच शिल्लक: संध्याकाळी साडेपाच किंवा रात्री सव्वानऊ. साडेपाचला मला भूक नसते आणि सव्वानऊला मी नसतो. म्हणून चढल्या दिवशी सुरक्षेची कवायत उरकली आणि आम्ही थेट बुकिंगच्या डेस्कपुढे रांगेत उभे राहिलो. लोक वरच्या डेकवर किनारा लांब जाताना बघत होते म्हणे. आम्ही पुढच्या माणसाची पाठ बघत होतो. तासाभरानं स्टेकहाउसमधलं साडेसातचं टेबल मिळालं. टेबल चौदा, खिडकीजवळचं. किल्ला सर केल्यासारखे केबिनमध्ये परतलो.

तिसऱ्या दिवशी बोट किनाऱ्याला लागली. दिवसभर हिंडलो, वेळेत परतलो, अंघोळी केल्या. स्टेकहाउसला हाफ पँट चालत नाही, म्हणून मी सूटकेसच्या तळाची पँट काढली. तिच्यावर घड्या होत्या, पण त्यांतली एखादी तरी इस्त्रीची असेल असं समजून घातली. बरोबर साडेसातला दारात हजर.

दारातल्या मुलीनं टॅबलेटवर बोट फिरवलं, परत फिरवलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी डॉक्टर रिपोर्ट बघून पाहतात. “सर, आता साडेआठ वाजलेत.”

झालं होतं असं. किनाऱ्यावर माझ्या फोननं तिथलं नेटवर्क पकडून मला न विचारता आपलं घड्याळ तासभर मागे घेतलं होतं. बोटीवर आल्यावर मी तो शहाण्यासारखा एअरप्लेन मोडवर टाकला, तेव्हा तो त्याच वेळेला चिकटून बसला. आणि बोट? बोट किनाऱ्याची वेळ मानत नाही. तिची स्वतःची वेळ असते, तिला ‘जहाजाची वेळ’ म्हणतात. टेबल पंधरा मिनिटं राखून ठेवतात, मग दुसऱ्याला देतात. पैसे परत मिळत नाहीत. चोवीस तास आधी रद्द केलं असतं तरच. मी चोवीस तास आधी कसं रद्द करणार? तेव्हा माझा फोन बरोबर चालत होता!

मी आवाज चढवणार तेवढ्यात आतून एक गृहस्थ बाहेर आले. साठी उलटलेली, छातीवर नेहमीच्या प्रवाशांना मिळतो तसला धातूचा बिल्ला, आणि दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. तोंडात काडी.

“तुम्ही टेबल चौदा का?” अगदी शुद्ध मराठीत. आमचं भांडण ऐकलं असावं.

“हो. का?”

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. “फार सुंदर टेबल हो! थँक यू. वहिनी, तुम्हालाही थँक यू.”

वहिनींच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. मला पुढेही संसार करायचा आहे.

“आपली माणसं म्हणून सांगतो,” त्यांनी आम्हाला बाहेरच्या सोफ्यावर बसवलं, जणू सोफा त्यांचाच. (तो त्यांचाच होता, हे मग कळलं.) “मी बुकिंग कधीच करत नाही. पूर्ण दिवस समुद्रात असेल तर इकडे फिरकायचं नाही. लोक कंटाळलेले असतात, वेळेआधी येऊन बसतात. आपण किनाऱ्याचा दिवस धरायचा. त्यात आज किनारा आपल्या तासभर मागे! मी सव्वासातलाच कोट घालून इथं बसलो होतो.”

“पण कुणी सांगितलंच नाही हो,” मी म्हणालो.

“सकाळी लाउडस्पीकरवर सांगितलं की. केबिनमध्ये नाही ऐकू येत, पॅसेजमध्ये उभं राहावं लागतं. मी रोज उभा राहतो. शिवाय रात्री केबिनमध्ये कागद टाकतात, त्यात पहिल्याच पानावर असतं.”

त्या कागदावर मी ओली चप्पल ठेवली होती.

“नाराज होऊ नका. तुमचं नुसतं जेवण सुटलं. गेल्या खेपेला एका जोडप्याची बोट सुटली. आम्ही सगळे कठड्यावरून बघत होतो, ते धक्क्यावर पळत होते.” काकांना आठवणीनंच भरून आलं. “त्यांचंही त्या रात्री टेबल होतं.”

मी उठायला हवं होतं. पण माणूस जखमेची खपली काढतोच. मी विचारलं, “कसं होतं जेवण?”

त्यांनी दहा मिनिटं सांगितलं. सूप, पाव, पावाबरोबरची तीन प्रकारची लोणी, खिडकीतून दिसलेला सूर्यास्त. तो सूर्यास्त जहाजाच्या वेळेनुसार झाला होता, म्हणजे तोही आम्ही हुकवला. शेवटी काडी दुसऱ्या गालात सरकवून म्हणाले, “स्टेक मात्र यथातथाच हो. मी एकदा परत पाठवला.”

आमचा स्टेक. परत पाठवला!

मोठ्या डायनिंग रूमची दुसरी पंगत केव्हाच बसली होती. आम्ही वर पिझ्झाच्या काउंटरवर गेलो. दारात हसऱ्या चेहऱ्याच्या मुलानं हातावर जंतुनाशक मारलं. पोहण्याच्या ओल्या कपड्यांतली पोरं आणि कागदी ताटल्या, त्यांच्यामध्ये आम्ही दोघं लग्नाला निघाल्यासारखे. हिनं दोन तुकडे खाल्ले आणि अर्ध्या तासात एकच वाक्य बोलली, “फोन इकडे दे.” तेव्हापासून माझी वेळ तिच्याकडे आहे.

विनोद बाजूला ठेवून एक गोष्ट विचारतो. काका काही फुकट जेवले नव्हते, त्यांनीही पैसे भरलेच. म्हणजे एका खुर्चीचे पैसे बोटीनं दोनदा घेतले. आणि आमच्या पॅकेजवर अठरा टक्के सेवाशुल्क आधीच कापलेलं होतं, तेही परत नाही. ही सेवा त्यांनी नक्की कुणाची केली? हे मी डेस्कवर विचारलं. डेस्कवरच्या बाईंनी फार आपुलकीनं मान डोलावली आणि मला पुढच्या प्रवासाचं माहितीपत्रक दिलं.

दुसऱ्या जेवणाला हिनं मला चाळीस मिनिटं आधी नेऊन उभं केलं. सोफ्यावर काका कोट घालून बसलेलेच. आम्हाला बघून त्यांनी आधी डाव्या मनगटाकडे पाहिलं, मग उजव्या.

“आलात?” ते म्हणाले. आवाजात खरोखरच दुखावल्याची छटा होती.

जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण शेजारचं टेबल साडेसातपासून रिकामं होतं आणि माझं सगळं लक्ष तिकडे. पावणेआठला काका आत आले, नॅपकिन मांडीवर पसरला आणि आमच्याकडे वाकून म्हणाले, “लॉबस्टर मागवू नका हं, त्याचे वरून पैसे पडतात.”

आम्ही तो नुकताच मागवला होता.