हजेरीचा हट्ट

पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या माझ्या आतेभावाचे ठाम मत आहे की, माणूस डोळ्यांसमोर बसल्याखेरीज मनापासून काम करत नाही आणि घरून काम करण्याची सवय आता मोडूनच काढली पाहिजे. गेल्या आठवड्यात फोनवर हे सांगताना तो पुढे म्हणाला, "तुमची तर गोष्टच सोड, तुम्हाला घरच नाही." तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले आणि भारतात तासांवर मोठा वाद पेटला. पण हिंजवडीला जाण्यायेण्यात रोज किती तास खर्ची पडतात, याचा हिशेब त्या वादात मला फारसा कोणी मांडलेला दिसला नाही. मी आणि माझी पत्नी हिवाळ्यात ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटजवळ बीएलएमच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या जमीन खात्याच्या, जागेवर आमची आरव्ही, म्हणजे घरासारखी सोय असलेली गाडी, लावून राहतो. ॲरिझोनात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे पुण्याशी अंतर कायम साडेबारा तासांचे राहते. इथे रात्रीचे आठ वाजले की पुण्यातील सहकाऱ्यांसोबत बैठक सुरू होते. तिथे तेव्हा सकाळचे साडेआठ असतात आणि त्यांच्यातला एक हमखास वाकडच्या पुलाजवळ गाडीत अडकलेला असतो. तो बोलू लागला की आधी हॉर्न ऐकू येतात, मग "एक मिनिट हं" म्हणून तो आवाज बंद करतो, आणि त्याच्याकडे जे विचारायचे असते ते उद्यावर जाते. मी मात्र वाळवंटात स्टारलिंकच्या उपग्रह इंटरनेटवर बसून पूर्ण तासभर बोलतो. हजेरीपटावर उपस्थितीची नोंद होते ती त्याची.

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, ते चांगलेच झाले; परंतु अशी गाडी म्हणजे सहल, हीच समजूत तिकडे घट्ट आहे. प्रत्यक्षात या राहणीला चाकरीइतकीच शिस्त लागते. सलग दोन दिवस ढग राहिले की सोलरवर भरणाऱ्या बॅटरीकडे पाहूनच मायक्रोवेव्ह लावायचा, कपबशा वाटीभर पाण्यात विसळायच्या आणि सांडपाण्याची ग्रे टँक भरत आली की ती रिकामी करायला शनिवारची सकाळ डम्प स्टेशनच्या रांगेत काढायची. कामाची मुदत मात्र आजवर एकदाही चुकलेली नाही, आणि हे मी अभिमानाने सांगतो.

हे स्वातंत्र्य मला अमेरिकेने पहिल्या दिवशी दिलेले नाही, हेही आतेभावाला सांगायला हवे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना माझी खुर्ची कोणत्या शहरात आहे हे कागदावर नोंदलेले होते. अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या २०१५ च्या सिमियो निर्णयानंतर तर त्या महानगर क्षेत्राबाहेर कामाची जागा हलवायची म्हणजे कंपनीला नव्याने सुधारित अर्ज करणे भाग झाले. ग्रीन कार्ड हाती आल्यावरच आम्ही अपार्टमेंट सोडले. आता आमचा कायदेशीर पत्ता साउथ डकोटातील एका टपालपेटीचा आहे. तिथल्या लायसन्ससाठी एका रात्रीच्या मुक्कामाची पावती पुरली आणि आम्ही त्या राज्याचे रहिवासी झालो. त्याच सुमारास पुण्याच्या घरच्या रेशन कार्डावरून माझे नाव कमी करण्यात आले. आईने ते सहज, जेवणखाण विचारता विचारता सांगितले होते. आतेभावाचे वाक्य मला इतके लागले, त्याचे मूळ त्या फोनमध्ये आहे.

त्याच्या हाताखाली साताऱ्याची एक मुलगी काम करते. तिला आठवड्यातले तीन दिवस साताऱ्याहून काम करायचे आहे, कारण वडिलांचे डायलिसिस सुरू आहे; आणि तो तिला सवलत देत नाही, उद्या सगळेच मागतील म्हणून. मी घरापासून दूर जाण्याची मुभा मागितली आणि मला ती मिळाली. ती घरी राहण्याची मुभा मागते आहे. आतेभावाने माझ्या राहणीला काय वाटेल ते म्हणावे, पण तिचा अर्ज त्याने या महिन्यातच मंजूर करावा.