‘लाइट गेली’ म्हणजे नेमकं काय गेलं?

सकाळी साडेदहा ते अकरा ही व्यापारी इमारतीतली सगळ्यात धोक्याची वेळ. सगळे एसी एका दमात सुरू होतात, लिफ्टपुढे रांग लागते, पेन्ट्रीत पहिला चहा चढतो आणि विजेची देखभाल करणारा म्हणून माझा फोन वाजतो. "साहेब, लाइट गेली." कुठली, कुणाची, किती, असं विचारायची सोय नाही. विचारलंच तर पलीकडचा माणूस आवाज चढवून "अहो लाइट हो, लाइट!" असं समजावतो, जणू माझ्या गावात अजून खांब यायचे आहेत.

मुंबईत ‘लाइट’ या एका शब्दात दिवा, पंखा, एसी, सर्व्हर, बिल आणि बिल पाठवणारी कंपनी एवढं सगळं मावतं. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, वर उपनगरांत अदानी नाहीतर टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण. पण जाते ती सगळीकडे ‘लाइट’च. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी ग्रिड कोसळलं, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, त्याला जाणं म्हणतात. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या अकाउंट्सची लाइट बहुतेक वेळा कुठे गेलेलीच नसते, ती डीबीत, म्हणजे स्विचांच्या पेटीत, बसलेली असते. म्हणून मी आधी विचारतो, "जिन्यातला दिवा चालू आहे? शेजारच्या ऑफिसात काय आहे?" यावर उत्तर येतं, "ते आम्हाला काय माहीत?" शेजारी दहा वर्षांचा असतो.

सगळ्यात सोपं जाणं म्हणजे एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडणं. ही पडते दुपारी दीडच्या सुमाराला, डबे उघडण्याच्या वेळी. पेन्ट्रीचा एकच पॉइंट, त्याला अडीच एमएमची वायर आणि 16 अँपियरची एमसीबी. त्यावर दीड हजार वॅटच्या दोन केटल, बाराशेचा मायक्रोवेव्ह, हजाराचं कॉफी मशीन आणि आठशेचा टोस्टर लावा. बेरीज 6,000 वॅट, म्हणजे 26 अँपियर. एमसीबी बिचारी लगेच हात टेकत नाही. 16 ची एमसीबी 18 अँपियर तासभर मुकाट ओढते. 23 च्या पुढे मात्र तासाच्या आत पडायला ती बांधलेली आहे, आणि डीबी बंद फर्निचरमध्ये तापलेला असेल तर आधीच. म्हणूनच "काल तर एवढंच सगळं लावलं होतं, काल नाही पडली!" ही तक्रार खरी असते आणि तरीही निरुपयोगी.

यावरचा लोकप्रिय इलाज म्हणजे 16 काढून 32 ची बसवणे. लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिक बाजारात सहज मिळते, दहा मिनिटांचं काम, पडणं कायमचं बंद. फक्त एमसीबी केटलच्या रक्षणासाठी नसते, वायरच्या असते. पाइपातून गेलेली अडीचची वायर 20 अँपियरच्या आसपास दमते. तिच्यावर 32 ची एमसीबी म्हणजे वॉचमनला सुट्टी देऊन चोराला रात्रपाळी देणं. आता पडणार नाही, जळेल. आणि तेही फॉल्स सीलिंगच्या वर, जिथे कुणी बघत नाही.

दुसरं जाणं आरसीसीबीचं. जुने वायरमन तिला अजून ईएलसीबी म्हणतात. फेजच्या तारेतून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलच्या तारेतून परत आला का, एवढाच हिशेब ती ठेवते. तीस मिलिअँपियर कमी आला की संपलं. प्रत्यक्षात पंधरा ते तीसच्या मध्ये कुठेही पडायची तिला मुभा आहे. आता धडधाकट कॉम्प्युटरसुद्धा आपल्या फिल्टरमधून अर्थिंगमध्ये साधारण एक मिलिअँपियर गाळत असतो. ऑफिस सजवणाऱ्याने वीस कॉम्प्युटर एकाच आरसीसीबीवर टाकलेले असतात. पावसाळ्यातली सोमवार सकाळ, सगळे एकदम सुरू, भिंतींना ओल, आणि बाई खाली. फॉल्ट कुठेच नसतो. वीस प्रामाणिक गळत्यांची बेरीज असते. एका आरसीसीबीवर सहा-आठ कॉम्प्युटर ठेवले की भांडण मिटतं. पण त्यासाठी डीबीत जागा लागते, आणि ती जागा रिसेप्शनमागच्या इटालियन मार्बलने खाल्लेली असते.

कधी कधी प्रकरण उसनवारीचं असतं. नवा स्पॉटलाइट लावताना सुतारासोबत आलेल्या मुलाने फेज घेतला एका आरसीसीबीचा आणि न्यूट्रल शेजारच्या. उसनी साखर चालते, उसना न्यूट्रल चालत नाही. दिवा लावला की दोन्हीकडचा हिशेब चुकतो. शोधायची रीत सोपी आहे: सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी उचलत जा. जिथे पडेल तिथे बोट ठेवा. सगळ्या खाली असूनही पडत असेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकलाय असा संशय घ्या. आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं. ते बटण आहे हेच बहुतेकांना माझ्याकडून कळतं.

ही झाली किरकोळ दुखणी. माझ्या पोटात गोळा येतो तो वेगळ्याच फोनने: "साहेब, लाइट जास्त आली."

इमारतीत तीन फेज येतात, आर, वाय आणि बी. दोन फेजमध्ये 415 व्होल्ट, प्रत्येक फेज ते न्यूट्रल 240. या तिघांना जागेवर धरून ठेवणारा तो चौथा न्यूट्रल. बिचारा काळा, कुणाच्या खिजगणतीत नाही. तो मीटर रूममध्ये सुटला, की आर फेजवरचं ऑफिस आणि वाय फेजवरचं ऑफिस एकमेकांच्या गळ्यात गळा घालून 415 व्होल्टवर लटकतात. समजा पहिल्यात वीस अँपियरचा लोड चालू आहे, दुसऱ्यात पाचचा. वाटणी अशी होते की पहिल्याला 83 व्होल्ट आणि दुसऱ्याला 332. म्हणजे जो सगळे एसी लावून बसलाय त्याचे दिवे नुसते मिणमिणतात, आणि जो काटकसरीने दोन ट्यूब आणि एक प्रिंटर चालवतो त्याचा प्रिंटर धूर काढतो. इथे घाबरून एकेक स्विच बंद करत सुटणं हा सगळ्यात वाईट उपाय: लोड जेवढा कमी होईल तेवढा उरलेल्यावर व्होल्टेज चढतो. थेट मेन पाडायचा. फोन नंतर.

न्यूट्रल का सुटतो? एक तर तो लुकडा असतो. जुन्या इमारतींत साडेतीन कोअरच्या केबल आहेत, आत तीन पूर्ण तारा आणि अर्ध्या जाडीचा न्यूट्रल. 70 स्क्वेअर एमएमच्या केबलला न्यूट्रल 35 चा. तीन फेज समान असले की न्यूट्रलला काम नाही, असा तेव्हाचा हिशेब होता, आणि तो चूक नव्हता. मग आले कॉम्प्युटर आणि एलईडी. त्यांच्या करंटमधला तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ लहरीच्या तिप्पट वेगाची लहर, तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये येते तेव्हा एकमेकींना खोडत नाही, त्यांची बेरीज होते. अर्धा न्यूट्रल कधी कधी फेजपेक्षाही जास्त ओढू लागतो. त्यात ॲल्युमिनियमचा स्वभाव पडतं घेण्याचा: दाबाखाली हळूहळू सरकतं, तापलं की फुगतं, थंड झालं की आक्रसतं, आणि वर्षभराने घट्ट आवळलेला नट सैल होतो. सैल जोडावर अवघा 0.02 ओहमचा अडथळा आला आणि 60 अँपियर वाहिले, तर तिथे 72 वॅट उष्णता. साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. तशी तीन आयर्न एका नटावर रात्रंदिवस टेकवून ठेवा, बघा काय होतं.

आधी वास येतो. तापलेलं इन्शुलेशन आणि बेकेलाइट यांचा वास मासळीसारखा असतो. दुसऱ्या शहरात माणसं या वासाने दचकत असतील. आपल्याकडे जिन्यात मासळीचा वास आला की चौथ्या मजल्यावर कुणाच्या तरी डब्यात बोंबील आहेत, असं समजून लोक पुढे जातात, क्वचित एखादा दीर्घ श्वासही घेतो.

वास शोधत मीटर रूममध्ये जावं, तर चावी वॉचमनकडे आणि वॉचमन टपरीवर. दार उघडलं की आत गेल्या गणपतीचं थर्माकोलचं मखर, रंगाचे अर्धे डबे, झाडू, एक सायकल, आणि केबल ट्रेवर वाळत घातलेला गणवेश. पॅनेलच्या छातीवर दसऱ्याचा झेंडूचा हार अजून असतो, आणि समोर लाद्यांवर नारळ फोडल्याचे डाग. श्रद्धेला माझी हरकत नाही, पण नारळाचं पाणी वीज फार छान वाहून नेतं. नारळ बाहेर फोडा, कुंकू दाराला लावा. पॅनेलसमोरची मीटरभर जागा मोकळी असावी, एवढीच माझी आरती. पॅनेल जमिनीपासून किती उंच आहे हेही बघून ठेवावं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या मीटर रूमांनी पोहून दाखवलं.

इलाज कंटाळवाणा आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी एकदा तरी, पूर्ण लोड चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने सगळे जोड बघायचे. एकच लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची टोपी, शेजाऱ्यांपेक्षा ठळक उजळला की सप्लाय बंद करून तो उघडायचा. तांब्याच्या पट्टीवर ॲल्युमिनियमची केबल असेल तर दोन धातूंचा बायमेटल लग, घासून साफ, नव्याने दाबून क्रिंप, ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आवळायचा. रविवारची दुपार जाते. बिलात ‘आवळणे’ असं लिहिलं की कमिटी विचारते, "नवीन काय लावलं?"

आणि फेजचं वाटप. तारेला बाहेरून पकडून करंट मोजणारा क्लँप मीटर लावला की आकडे ठरलेले: आर 95, वाय 40, बी 52, न्यूट्रल 50 च्या पुढे. वायरमन डीबीच्या डावीकडून सुरुवात करतो आणि पहिली जागा आरची असते, म्हणून गेली वीस वर्षं सगळं आरवरच येतंय. रविवारी सर्किट उचलून इकडचं तिकडे केलं, 64-61-62 आले, तक्ता टाइप करून डीबीच्या दाराला आतून चिकटवला. सोमवारी साडेदहाला एसीवाला दोन टनाचं युनिट खांद्यावर घेऊन दारात हजर.

"साहेब, ही एक एमसीबी रिकामी दिसतेय. हिच्यावर टाकू का?"

ती आर फेजची आहे.