एर्र म्हणजे किती रुपये?

आमच्या ऑफिसात एक पोरगा पुण्याहून रस्ट नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून आला आणि तेव्हापासून टॉवेलच्या बिलांची रया गेली.

ऑफिस म्हणजे सोलापुरात अशोक चौकाजवळ एका दुकानाच्या माडीवर दोन टेबलं आणि एक इन्व्हर्टर. इथून आम्ही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचा बिलिंगचा प्रोग्रॅम सांभाळतो. प्रोग्रॅम पायथन या भाषेतला, म्हातारा, पण चालता-फिरता. काही बिघडलं की तो एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची हाळी, फेकतो. आम्ही झेललं तर ठीक, नाहीतर कारखान्यातून फोन येतो. फोन आला की कळतं.

पोराला हे रानटी वाटलं. "अण्णा, रस्टमध्ये असलं फेकाफेकीचं काम नसतं. फंक्शन सरळ रिझल्ट परत देतं. जमलं तर ओके, नाही जमलं तर एर्र. पुढं नुसतं एक प्रश्नचिन्ह टाकायचं, चूक आपोआप वर जाते. आपण ते पायथनमध्ये आणू."

उसनवारीला माझा विरोध नाही. सोलापुरात राहून तो परवडतही नाही. इथं माणूस घरी तेलुगू बोलतो, गिऱ्हाइकाशी कन्नड, शाळेत मराठी, आणि भांडताना तिन्ही. खुद्द पायथनने लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे एका ओळीत यादी बनवायची रीत, 2000 साली हॅस्केल या भाषेकडून उचललं. जावाने इतरांचे लॅम्डा, म्हणजे बिननावाची छोटी फंक्शनं, बघत बघत 2014 साली एकदाचे आपल्याकडे आणले. रस्टचा तर पहिला कंपायलरच, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, ओकॅमल या भाषेत लिहिलेला, आणि त्या घराण्याच्या खुणा त्याच्या अंगावर जागोजागी दिसतात. इतकं कशाला, आपल्या चादरीवरची नक्षी मागावरच्या ज्या जेकार्ड यंत्रावर पडते, ते 1804 च्या सुमाराचं फ्रेंच डोकं. त्याची भोकं पाडलेली कार्डं चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या हिशेबाच्या यंत्रासाठी घेतली. म्हणजे हिशेबाने अख्खा संगणकाचा धंदाच मागवाल्यांचं देणं लागतो. वसुलीला कुणी गेलं नाही, एवढंच.

तर पोरगा बसला आणि आठवडाभरात प्रत्येक फंक्शन रिझल्ट द्यायला लागलं. पहिली अडचण प्रश्नचिन्हाची. रस्टमध्ये ते 2016 पासून भाषेतच आहे. पायथनमध्ये तसं चिन्हच नाही. मग दर ओळीखाली "एर्र आहे का? असेल तर परत फिर" असं लिहिणं आलं. चार ओळींचं फंक्शन बारा ओळींचं झालं. त्यावर पोराने तोडगा काढला: एक डेकोरेटर, म्हणजे फंक्शनभोवती गुंडाळायचं वेष्टन. आत एर्र सापडला की एक गुप्त एक्सेप्शन फेकायचं, डेकोरेटरने ते बाहेर झेलायचं आणि पुन्हा एर्र करून परत द्यायचं. मी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे एक्सेप्शन नको म्हणून आपण एक्सेप्शन वापरतोय?"

"अण्णा, पण बाहेरून दिसत नाही ना!"

त्यातून बाकीच्या लायब्रऱ्यांना, म्हणजे बाहेरून घेतलेल्या तयार कोडाला, या सुधारणेची खबर नव्हती. डेटाबेसवाली, एक्सेलवाली, सगळ्या जुन्या वळणाच्या; त्या आपल्या फेकतच होत्या. आता आम्ही झेलतही होतो आणि तपासतही होतो.

आणि मग ते बिल निघालं. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो. नव्या पार्टीचा नंबर भरताना कारखान्यातल्या कारकुनाने एक अक्षर गाळलं. तपासणाऱ्या फंक्शनने इमानेइतबारे एर्र दिला. तो वर गेला, आणखी वर गेला, आणि बेरजेच्या जागी जाऊन बसला. तिथं जुनी ओळ होती: रक्कम असेल तरच छाप. आता पायथनचा कायदा असा, की तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर तुम्ही बनवलेली कुठलीही वस्तू खरीच धरायची. ओके खरा, एर्रसुद्धा खरा. छापलं. 30 बाय 60 चे टॉवेल, दोनशे डझन, आणि खाली टोटल: एर्र, कंस सुरू, 'जीएसटी नंबरात 14 अक्षरं', कंस पूर्ण. त्याखाली मालकांची सही आणि शिक्का.

मालकांचा फोन आला. "सर, टोटलमध्ये काय छापलंय बे हे? पार्टी विचारतीय, एर्र म्हणजे किती रुपये?"

रस्टमध्ये हे झालंच नसतं, असं पोरगा म्हणाला, आणि ते शंभर टक्के खरं आहे. तिथं आकड्याच्या जागी रिझल्ट ठेवला तर कंपायलर प्रोग्रॅम बांधूनच देत नाही. रिझल्टकडे नुसतं दुर्लक्ष केलं तरी कुरकुरतो. सगळी जादू त्या खडूस कंपायलरची, आणि आम्ही नेमका तोच मागं ठेवून आलो होतो. गड्ड्याच्या जत्रेतला आकाशपाळणा दारात आणून उभा करायचा आणि त्याचे नट आवळणारा माणूस जत्रेतच सोडायचा, तशातली गत.

"मायपाय लावू," पोरगा म्हणाला. ते टाइप, म्हणजे कुठं आकडा आणि कुठं अक्षरं हवीत ते, तपासणारं अवजार. लावलं. त्याने एकही चूक दाखवली नाही. दोघंही खूश झालो. मग कळलं, की ज्या फंक्शनवर टाइप लिहिलेले नाहीत त्याच्या आत मायपाय, मुद्दाम सांगितल्याशिवाय, डोकावतच नाही. आणि आमच्या म्हाताऱ्या कोडात टाइप औषधालाही नव्हते.

शेवटी वाटाघाटी झाल्या. रिझल्ट एकाच जागी राहिला: एक्सेलमधून ऑर्डरी उचलताना. तिथं तो खरंच शोभतो. तीनशे ओळींतल्या पाच नासक्या निघाल्या तर बाकीच्या आत घ्यायच्या आणि पाचांची यादी कारकुनाच्या हातात द्यायची. एक्सेप्शनच्या जमान्यात पहिल्या नासक्या ओळीलाच अख्खी फाइल आडवी व्हायची. मालकांना ती यादी इतकी आवडली की ते आता कारकुनाला रोज तिच्यावरून बोलतात. बाकी ठिकाणी पुन्हा ट्राय-एक्सेप्ट, म्हणजे पायथनचं जुनं फेकणं-झेलणं.

पोरगा दोन दिवस गप्प होता. मग शेंगाचटणी-भाकरीचा डबा उघडता उघडता म्हणाला, "अण्णा, अर्लांग बघितलंय का? टेलिफोन एक्स्चेंजसाठी केलेली भाषा. त्यात चूक झेलतच नाहीत. प्रोसेसला खुशाल पडू देतात."

"आणि पडल्यावर?"

"सुपरवायझर असतो की. तो चोवीस तास लक्ष ठेवतो, पडलेला उचलतो आणि परत चालू करतो."

"आपल्याकडे हा सुपरवायझर कुठून आणायचा?"

पोराने घास गिळला आणि माझ्याकडे मोठ्या आदराने बघितलं.