संशोधक टिकू नयेत म्हणून

विभागप्रमुख झालात, अभिनंदन! हार-तुरे आटोपले असतील तर एक धोका वेळीच ओळखा. मराठवाड्यात राहून संशोधन करायचं म्हणत कुणीतरी खरोखरच पीएचडीला येऊ शकतं.

तेव्हा प्रवेशापासूनच सावध राहा. पेटचा, म्हणजे पीएचडीच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की मुलाखतीच्या तारखेपुढे 'लवकरच' एवढंच छापा. तेवढ्यात हुशार पोरगी पुण्याला आयसर नाहीतर एनसीएलसारख्या बड्या संशोधन संस्थेत लागून मोकळी होते. उरलेल्यांत ज्याचे मामा आपल्या ओळखीचे, त्याला घ्या.

विषय देताना जपा, कारण आपल्याकडे विषयांना तोटा नाही. 1993 च्या भूकंपानंतरचं किल्लारी, बोअरमधलं फ्लोराइड, परभणीची ज्वारी, कापसावरची गुलाबी बोंडअळी... एकेकात माणूस जन्मभर गुंतून पडेल, म्हणजेच इथं राहील! त्यापेक्षा झिंक ऑक्साइडचे नॅनोकण द्या. तेच ते, पण निर्धोक.

आता मुख्य मुद्दा, फेलोशिप. जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलोला) 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. पैसे वेळेवर पडले तर पोरगा खोली भाड्यानं घेईल, लग्न करेल, इथंच रुळेल. सुदैवानं दरमहा पोर्टलवर संस्थेनं हजेरीची खात्री द्यावी लागते. आधी 'मेकर'नं भरायचं, मग 'चेकर'नं तपासायचं. मेकर म्हणून कायम रजेवर असणारा क्लार्क नेमा. चेकर तुम्हीच व्हा आणि पासवर्ड विसरा. ओटीपी जातो तो मोबाइल मागच्या वर्षी रिटायर झालेल्या भाऊसाहेबांकडेच राहू द्या. ते गावाकडे शेतात असतात आणि तिथं रेंज नसते. पोरगा कागद घेऊन दारात उभा राहिला तर चहा पाजा. (चहाचे पैसे त्याला देऊ द्या, गुरूला नाही म्हणत नाहीत.) बार्टी या अनुसूचित जातींसाठीच्या सरकारी संस्थेच्या फेलोशिपवरच्या संशोधकांची तर काळजीच नको. 2023 मध्ये फेलोशिपसाठी ते मुंबईत आझाद मैदानावर धरणं धरून बसले होते, तेवढे दिवस प्रयोगशाळेची लाइट वाचली.

लाइटवरून आठवलं. जनरेटर तुमच्या केबिनला जोडून घ्या. फ्रीजरमधले नमुने वितळले तर 'पुन्हा काढ रे' म्हणावं, त्यानं संशोधकाची चिकाटी वाढते.

कुणी आगाऊपणे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या लायगोचं, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपायच्या प्रकल्पाचं काढेल. 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला सुमारे 2,600 कोटी मंजूर केले. त्याच्या दोन भुजा 4-4 किलोमीटरच्या आणि प्रोटॉनच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढी हालचाल ते टिपणार. हिंगोलीच्या भौतिकशास्त्रवाल्यानं तिथं काय करायचं, असं विचारलं तर सांगा, वॉचमनच्या जागा निघतील.

एवढं करूनही एखादा चिवट निघतो आणि पीएचडी पूर्ण करतो. त्याला सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, घ्या. तासाप्रमाणे पैसे, तेही सहा महिन्यांनी, आणि उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून शून्य. कायम जागा कधी, असं विचारलं तर बोट मंत्रालयाकडे दाखवा. इथं मात्र तुम्ही खरंच बोलत असाल.

मग तो एका रात्री ट्रॅव्हल्सनं पुण्याला जाईल, तिथून जर्मनीला. दहा वर्षांनी विज्ञान दिनाला 'मराठवाड्याचे सुपुत्र' म्हणून बोलवा, शाल-श्रीफळ द्या, फोटो काढा. मानधनाचा विषय त्यानं काढला तर मातीचं ऋण आठवून द्या.